घरचं रक्त

मशीन खरं बोलत होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही उगाच त्या बिचाऱ्या इंजिनिअरवर संशय घेत बसाल, जसा आम्ही घेतला. मशीनला काहीही झालेलं नव्हतं. माझी नणंद चोरून सिगारेट ओढत होती, आणि घरात कुणाला कुणकुण लागायच्या आत तिच्या रक्ताने ते मशीनला सांगून टाकलं.

आमची लॅब एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. खाली चष्म्यांचं दुकान, वर दातांचा डॉक्टर. बाहेर काउंटर आणि खुर्च्या, मधे रक्त घ्यायची खोली, आत मशीनं. आतल्या खोलीची मी सर्वेसर्वा. मॅडम पॅथॉलॉजिस्ट, लॅब त्यांची आणि रिपोर्टवर सहीही त्यांची; पण कुठली ट्यूब कुठे आहे हे त्यांनाही मला विचारावं लागतं, आणि विचारलेलं मला आवडतं. नणंद मधल्या खोलीत रक्त घेते. ही नोकरी तिला दोन वर्षांपूर्वी मीच लावून दिली. हात इतका हलका की सुई काढल्यावर लहान मुलं विचारतात, "कधी टोचणार?" मी टोचते तेव्हा असं कुणी विचारत नाही.

माझे सासरे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. सकाळी कामावर निघताना बुटांच्या नाड्या बांधायला वाकले, ते पुन्हा उठलेच नाहीत. सिगारेट तर सोडाच, त्यांचा चहासुद्धा बेताचा. चिमी तेव्हा शाळेत होती. चिमी म्हणजे माझी नणंद. मी त्या घरात नुकतीच आले होते, आणि तेव्हापासून तिला मी अर्धी नणंद आणि अर्धी लेक धरून चालले आहे. तिला ते नेहमीच मान्य असतं असं नाही.

आता लॅबमधली आमची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. तपासणीचं नवीन किट उघडलं की आधी कंपनीची कंट्रोलची बाटली लावायची. तिच्यात काय किती आहे हे लिहूनच आलेलं असतं. मशीनने तेवढंच दाखवलं की मशीन ठीक. जगातल्या बहुतेक लॅब एवढ्यावर कामाला लागतात. माझं तेवढ्यावर समाधान होत नाही. त्यानंतर मी एका धडधाकट माणसाचं ताजं रक्त लावते. त्याला आम्ही घरचं रक्त म्हणतो. ते नॉर्मल आलं की मग बाहेरच्यांचं घ्यायचं.

घरात धडधाकट कोण, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. माझी शुगर काठावर, मॅडमना थायरॉइड, काउंटरवरच्या काकांना बीपीच्या गोळ्या. लॅबमध्ये आजारी माणसं फक्त खुर्च्यांवर बसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा टेबलाच्या या बाजूला येऊन बघावं. उरली चिमी. सत्तावीस वर्षांची, शिडशिडीत, दोन-दोन पायऱ्या एकदम चढणारी. शुगर लावा, किडनी लावा, लिव्हर लावा, हिचा आकडा आपला अगदी मधोमध. काकांनी तिचं नावच 'नॉर्मल' पाडलं. "नॉर्मलला बोलवा, नवं किट आलंय," असं ते ओरडायचे आणि ही बाही वर करत यायची.

मग मॅडमनी नवं मशीन घेतलं. तरुण बायकांसाठी हृदयाची तपासणी सुरू करायची होती. तरुण बाईला हृदयरोग होत नाही, असं सगळ्यांत जास्त तरुण बायकांनाच वाटतं, आणि म्हणून त्यांचंच निदान उशिरा होतं, असं मॅडमचं म्हणणं. या तपासणीत चांगलं-वाईट कोलेस्टेरॉल होतं आणि बारीक मोजमापाचं सीआरपी होतं. सीआरपी म्हणजे अंगात कुठेतरी सूज धुमसत असेल तर रक्तात वाढणारी गोष्ट. रक्तवाहिन्यांना आतून त्रास होत असेल तर तीही वाढते. जरा जास्त म्हणजे धोका जरा जास्त, असा ढोबळ हिशोब.

मशीन बसलं, कंट्रोल लावलं, बरोबर आलं. नॉर्मलला बोलावलं. सीआरपी वर. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, बाईच्या मानाने बरंच खाली. मी पुन्हा लावलं. तेच. दुसऱ्या दिवशी ताजं रक्त घेतलं. तेच. जुन्या मशीनवर तिच्या पांढऱ्या पेशीही चढलेल्या दिसल्या, पण मी म्हटलं, सर्दीबिर्दी झाली असेल. सीआरपीचं खापर मात्र मी सरळ मशीनवर फोडलं आणि कंपनीला फोन केला.

इंजिनिअर आला. शांत माणूस. मी अर्धा तास तोंड सोडलं तरी तो स्क्रू मोजत बसला. मग म्हणाला, "ताई, कंट्रोल बरोबर येतंय."

"कंट्रोल तुमच्याच कंपनीचं आहे. ते तुमच्या मशीनला वाईट कशाला म्हणेल?"

"मग माझं रक्त लावून बघा."

लावलं. स्वच्छ आलं. मी म्हटलं, "तुमचा पगारसुद्धा तीच कंपनी देते." काका हसले, पण मी अर्धवट खरंच बोलत होते. माझ्या डोक्यात एकच होतं: पोरीला मी रोज बघते, तिच्या डब्यात काय आहे ते मला माहीत असतं, ती आजारी असती तर मला कळलं नसतं का? बाटलीतल्या पाण्यावर विश्वास ठेवायचा आणि घरच्या माणसावर नाही, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

इंजिनिअरने नळ्या बदलल्या, दिवा बदलला, किट बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मॅडमही वैतागल्या. नाव नोंदवलेल्या बायकांच्या ट्यूब फ्रीजमध्ये पडून होत्या आणि फोनवर फोन येत होते. मशीनमध्ये दुरुस्तीचा एक आकडा भरता येतो. मशीन सगळ्यांचंच सीआरपी चढवून दाखवतंय अशी खात्री असेल तर त्याला सांगायचं, तू मोजशील त्याच्या अर्धं छाप. मी म्हटलं, "मॅडम, नॉर्मलचं नॉर्मल येईल एवढा आकडा भरू आणि मोकळे होऊ." इंजिनिअर नको नको म्हणत होता. मॅडम फ्रीजमधल्या ट्यूबकडे बघत म्हणाल्या, "आज तेवढं करा. उद्या बघू."

मी कीबोर्डवर हात ठेवला तेवढ्यात चिमी ट्यूबचा ट्रे घेऊन आत आली. ट्रे टेबलावर ठेवला, पण ती बाहेर गेली नाही.

"वहिनी, तो आकडा भरू नकोस."

"का गं?"

"मशीन बरोबर आहे. मी ओढते."

"काय ओढतेस?" मी अगदी भाबडेपणाने विचारलं.

"सिगारेट."

इंजिनिअरने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि काकांना हाक मारून चहा मागितला. आमच्याकडे येऊन त्याने काही मागितलं ते तेव्हा पहिल्यांदाच. मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मला आधी हेच सुचलं: वास कसा आला नाही? पण आमच्या लॅबमध्ये सगळ्यांच्याच अंगाला स्पिरिटचा वास, आणि ही येता-जाता पुदिन्याच्या गोळ्या चघळायची. मला वाटायचं, पोरीला गोळ्या आवडतात. मीच पाकीट आणून द्यायचे.

"दुसऱ्या बायकांचे रिपोर्ट चुकले असते," ती म्हणाली. "माझं काय ते माझं. त्यांचं कशाला?"

मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं. तिथे पाण्याच्या टाक्यांमागे एक फुटकी कुंडी होती आणि कुंडीत थोटकं. म्हणजे जागाही हीच. दोन वर्षं ती इथे चढत होती आणि मी खाली तिचं रक्त आदर्श म्हणून मिरवत होते. मला जो राग आला तो सांगण्यासारखा नव्हता, तरी मी सगळा सांगितला. आधीच्या नोकरीत फोनवर बसायची तेव्हा लागली, तिथल्या सगळ्या मुली ओढायच्या, मग सुटेना, असं ती म्हणाली. मी म्हटलं, "लाज नाही वाटली?"

तेव्हा ती चिडली. "वहिनी, पोरगी ओढते म्हणून तू तापलीयस की माझं रक्त बिघडलंय म्हणून? दादा कॉलेजात ओढायचा त्याचे किस्से ऐकून तुम्ही सगळे हसता."

खरं होतं ते. दोन्हींमुळे तापले होते. पण ती टाकीला टेकून उभी होती, एक हात आपसूक छातीवर गेलेला, आणि मग अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "मला बाबांसारखं होईल का गं?" त्यानंतर पहिला राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. उरली ती नुसती भीती. मी तिला जवळ घेतलं आणि खोटं बोलायला तोंड उघडलं, पण लॅबमधल्या माणसाला त्या बाबतीत खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "खाली चल. मॅडमना विचारू."

मॅडमनी दार लावून घेतलं. दोघींना समोर बसवलं आणि नेहमी पेशंटशी बोलतात तशा सावकाश बोलल्या. "या वयात बाईच्या अंगातली हार्मोन्स हृदयाची राखण करत असतात. सिगारेट पहिल्यांदा त्या राखणदारालाच नामोहरम करते. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, पांढऱ्या पेशी चढतात, रक्त दाट व्हायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. तुझ्यासारखी पोरगी जिने धावत चढते आणि सगळे तिला नॉर्मल म्हणतात." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

चिमी माझ्याकडे बघून म्हणाली, "पाळी नियमित यायला दिल्यात त्या. हार्मोनच्या."

"देणाऱ्या डॉक्टरने विचारलं नाही, ओढतेस का?"

"विचारलं. मी नाही म्हटलं."

मॅडमनी चष्मा काढला. "त्या गोळ्यांनी सीआरपी एरवीही थोडं वाढतं. पण त्या आणि सिगारेट एकत्र म्हणजे रक्ताची गुठळी व्हायची भीती. आजच त्या डॉक्टरांकडे जा आणि खरं सांग, गोळी बदलून देतील. आणि सिगारेट आजपासून बंद. कमी नाही करायची. बंद."

"हे खाली येतं का पुन्हा?" मी विचारलं. चिमीची विचारायची हिंमत नव्हती.

"बहुतेकांचं येतं. या वयात लवकर येतं. पण सगळ्यांचं सारखं नाही, आणि हिच्या घरात वडिलांचं उदाहरण आहे. सिगारेट सुटल्यावरही आकडे तिथेच राहिले, तर मग ते सिगारेटचं नाही, घराण्याचं म्हणायचं. तेव्हा वेगळा विचार करू."

म्हणजे सगळं तीन महिन्यांनी पुन्हा करायच्या तपासणीवर येऊन थांबलं. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, सोनोग्राफी करून आलो. हृदय छान चाललंय म्हणाले. पण बाबांचंही त्या सकाळपर्यंत छानच चाललं होतं, हे आम्हा दोघींच्या मनात एकदमच आलं असणार.

सासूबाईंना सांगायचं की नाही, यावर मी 'नाही' म्हणत होते. चिमीने त्या संध्याकाळीच सांगून टाकलं, भाजी निवडता निवडता, आईकडे पाठ करून. सासूबाई उठून आत गेल्या. सकाळी स्वयंपाकघरात आल्या, डोळे सुजलेले, आणि मला म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी मला कुणीच आधी सांगितलं नाही गं. हिचं मशीनने तरी सांगितलं." मग चिमीकडे वळून म्हणाल्या, "संध्याकाळी मला चालायला सोबत हवी. रोज." सासूबाईंना चालायचा मनस्वी कंटाळा आहे हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढचे दोन-तीन महिने घरात नांदणं म्हणजे सर्कस होती. चिमी चिडायची, दारं आपटायची, रडायची, गाजरं खायची. एवढी गाजरं खाल्ली की तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, तिला ससा म्हणायला लागला आणि एकदा पाठीत लाटणं खाऊन गप्प झाला. लॅबमध्ये तिचा हलका हात थरथरायला लागला तेव्हा मी तिला आठवडाभर काउंटरवर बसवलं आणि रक्त मी घेतलं. पेशंट बिचारे तिची आठवण काढत बसले.

एकदा ती घसरली. खालच्या चष्म्याच्या दुकानातला एक जण जिन्यात ओढत होता, त्याच्याकडून मागून घेतली. अर्धी ओढली आणि स्वतःच वर येऊन सांगितलं. मी तिला नाही नाही ते बोलले. मग खाली जाऊन त्या चष्मेवाल्यालाही बोलले, त्याची काही चूक नसताना. परत आले तर ती मधल्या खोलीत पेशंटच्या खुर्चीत बसून रडत होती. "जमणार नाही वहिनी मला." मी म्हटलं, "अर्धी विझवलीस ना? मग अर्धं जमलंय." हे मला कुठून सुचलं देव जाणे, पण त्यानंतर तिने पुन्हा कुणाकडे मागितली नाही.

मग पुन्हा तपासायचा दिवस आला. लॅब उघडायच्या आधी आम्ही दोघी पोचलो. पट्टा बांधताना माझ्या लक्षात आलं की ती श्वास धरून बसली आहे. मी म्हटलं, "सोड श्वास, मी काही दात काढत नाहीये. ते वरच्या मजल्यावर." ती हसली नाही. शीर पहिल्याच वेळी सापडली, तेवढं एक नशीब.

आधी कंट्रोल लावलं. बरोबर आलं, आणि आता माझा त्याच्यावर विश्वास बसला होता. मग तिची ट्यूब फिरवून घेतली आणि मशीनमध्ये सोडली. मशीनचा हात आत-बाहेर होतो, थेंब उचलतो, थेंब टाकतो. आयुष्यभर मी हे बघत आले आहे आणि मशीन चालू असताना मी डबा धुते, लेबलं चिकटवते, घरी फोन करते. त्या दिवशी मी स्क्रीनसमोरच उभी राहिले. चिमी दाराला टेकून उभी होती. जवळ यायला तयार नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर सासरे वाकलेले दिसत होते, मी नको म्हटलं तरी.

आधी जुन्या मशीनवर पांढऱ्या पेशी आल्या. उतरल्या होत्या, चांगल्या उतरल्या होत्या. मग चांगलं कोलेस्टेरॉल आलं. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. ते वर आलं होतं. मग सीआरपी. अगदी तळाला नव्हतं गेलं, पण जिथे होतं तिथून कितीतरी खाली, भीतीच्या रेषेच्या अलीकडे.

मी स्क्रीनकडे बोट केलं आणि माझे डोळे वाहायला लागले. चिमीला वाटलं, संपलं. तिचा चेहरा पांढरा फटक पडला. "वहिनी? काय आलं? वहिनी, सांग ना."

"उतरलंय गं बये," मी कशीबशी म्हणाले. "सगळं उतरलंय. जे चढायला हवं तेवढं चढलंय."

तरी तिचा विश्वास बसेना. मॅडम आल्या, त्यांनी उभ्याउभ्याच आकडे पाहिले, पर्स खांद्यावरच. "हे सिगारेटचं होतं," त्या म्हणाल्या. "आणि गोळ्यांचं थोडं. घराण्याचं नाही दिसत. सीआरपी अजून उतरेल, त्याला वेळ लागतो. वडिलांमुळे वर्षातून एकदा तपासायचंच. पण आज मला काळजी नाही." मग त्यांनी चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. मॅडमना मी तसं करताना कधीच पाहिलं नव्हतं.

मी सासूबाईंना फोन लावला. "आई, चांगलं आलंय," एवढं म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "बरं. येताना दूध आणा." फोन ठेवला.

चिमी मधल्या खोलीत जाऊन बसली होती. मी गेले तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली, पाय हलतायत. मला वाटलं, आनंदाने झालंय.

"वहिनी, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"बोल."

"आत्ता इतकी ओढावीशी वाटतेय. इतक्या दिवसांत नाही वाटली तेवढी."

क्षणभर माझ्या जिभेवर सगळं आलं. आकडे, बाबा, आई, गाजरं. मग बघितलं, ती थरथरत होती, आणि तरी मला सांगत होती. दोन वर्षं जी एकटी गच्चीवर जात होती, ती आज मला सांगत होती. मी सगळं गिळलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

"किती वेळ राहते ही तल्लफ?"

"थोडाच वेळ. पण तो थोडा वेळ फार मोठा असतो."

"मग बसू."

बाहेर काकांनी शटर वर केलं. खुर्च्यांवर माणसं येऊन बसायला लागली, कुणीतरी खोकलं, कुणाचं तरी मूल आधीच रडायला लागलं. काकांनी आत डोकं घातलं, मी हाताने थांबायची खूण केली. चिमीने माझा हात धरला होता, चांगला करकचून, माझी बोटं दुखायला लागली तरी मी सोडवली नाहीत. तिचे पाय हलत राहिले, मग हळूहळू कमी झाले, मग थांबले. तिने एक लांब श्वास घेतला आणि तो सोडताना तिचे खांदे खाली आले.

"गेली," ती म्हणाली, आणि उठून पहिल्या पेशंटला आत बोलावलं.